टोमॅटोच्या हंगामातली विहीण

गेल्या आठवड्यात सकाळी सकाळी आण्णाचा फोन आला. आण्णा म्हणजे माझा धाकटा भाऊ. गिरणारे गावातली माहेरची शेती तोच बघतो. दरवर्षी शपथ घेऊन टोमॅटो बंद करतो आणि दरवर्षी लावतो.

"ताई, तोडा सुरू झाला. माल लय भारी निघालाय यंदा. एक कॅरेट पाठवू का दोन?"

"चार पाठव," मी म्हटलं.

"चार? तुम्ही घरात दोन माणसं. टोमॅटोनं अंघोळ करायचीय का?"

"पाहुणे यायचेत घरी. आणि चारही कमी पडतील, बघ तू."

श्रावण लागला की आमच्या मखमलाबादच्या रस्त्यावरून टोमॅटोच्या गाड्या जायला लागतात. कॅरेटवर कॅरेट रचलेल्या पिकअप गाड्या सकाळपासून चालू असतात. वळणावर एखादं कॅरेट सांडतं आणि मग दिवसभर रस्त्याचा तेवढा तुकडा लाल असतो. गाडी गेली तरी वास मागे रेंगाळतो. तो फळाचा नसतो, झाडाचा असतो, हिरवट आणि जरासा तिखट. लहानपणी सुट्टीत आम्ही तोडायला जायचो तेव्हा हा वास हातांना चिकटायचा, आणि बोटं काळीहिरवी व्हायची. साबणाने काही होत नसे. आई म्हणायची, कच्चा टोमॅटो फोडून चोळा. चोळला की हात लख्ख.

पण गेली पाच वर्षं हा वास आला की मला माहेर दुसऱ्या नंबरावर आठवतं. पहिल्यांदा आठवतं ते इटलीतलं एक फरसबंद अंगण, त्यात मधोमध ठेवलेलं पत्र्याचं पिंप, आणि पिंपाशेजारी कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या माझ्या विहीणबाई.

झालं असं, की आमची केतकी शिकायला म्हणून तिकडे गेली आणि मातेओ नावाचा मुलगा पसंत करून बसली. मुलगा चांगलाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. लग्न त्यांच्या गावच्या नगरपालिकेत झालं. आमचा व्हिसा वेळेत आला नाही, म्हणून मी आणि आमचे हे इथे दिवाणखान्यात उभे राहिलो आणि मोबाइलवर अक्षता टाकल्या. नंतर आठ दिवस त्या मोबाइलच्या खोबणीतून तांदूळ निघत होते. पुढच्या वर्षी श्रावणात व्हिसा मिळाला आणि आम्ही लेकीचं घर बघायला निघालो.

घर म्हणजे दुमजली. वर केतकी आणि मातेओ, खाली मातेओची आई, रोझान्नाबाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा एकुलता एक. स्वयंपाकघर एकच, खालचं, आणि ते त्यांचं. बाकी सगळं जग केतकीसाठी परकं. तापाने फणफणली तर कपाळावर हात ठेवायला एवढी एकच वडीलधारी बाई. ही बाई जर रुसली, तर मी इथून सात समुद्र ओलांडून काय करणार होते? तेव्हा विमानात बसतानाच मी मनाशी ठरवलं होतं की विहीणबाईंना खूश ठेवायचं. आपण मुलीकडचे. मान वर करायची नाही आणि मानपानात कसूर ठेवायची नाही. शेजारी ह्यांना तसं सांगितलं, तर ह्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "त्यांना माहीत आहे का, आपण मुलीकडचे म्हणून?"

बॅगेत येवल्याची पैठणी होती, चांदीचा करंडा होता, बेसनाचे लाडू आणि काळा मसाला होता. रोझान्नाबाईंनी पैठणीवरून हात फिरवला, काहीतरी लांबलचक बोलल्या आणि ती कपाटात ठेवून दिली. कपाटाचं दार लागलं तसं मला वाटलं, गेली पैठणी.

गाव मात्र माझ्या लगेच मनात भरलं. ते इटलीच्या दक्षिणेला आहे, नकाशात बुटाची टाच दिसते तिथे. घरं चुन्याने पांढरीफटक. आपल्याकडे शेताच्या बांधाला असतो तसा फड्या निवडुंग, आणि त्याची बोंडं ही माणसं चक्क सोलून बशीत वाढतात. दुपारी एक वाजला की सगळं गाव दारं ओढून झोपी जातं. दुकानं बंद, बँक बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. आमचे हे वीजकेंद्रात, एकलहऱ्याला, पस्तीस वर्षं पाळ्या करून निवृत्त झालेले. दुपारची झोप हा तिथे देशाचा रिवाज आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला, की मला आमच्या लग्नातला फोटो आठवला.

संध्याकाळ झाली की तेच गाव इस्त्रीचे कपडे घालून बाहेर पडायचं. जायचं कुठेच नसायचं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं, वळायचं, परत यायचं, आणि वाटेत प्रत्येकाशी थांबून बोलायचं. म्हाताऱ्या बायका दाराबाहेर खुर्च्या मांडून बसायच्या, आणि कोण कोणाबरोबर चाललंय ह्यावर त्यांची बारीक नजर असायची. मी केतकीला म्हटलं, हे तर आपलंच गिरणारं आहे, फक्त इथे बायका खुर्चीवर बसतात. कॉफी पिण्याची त्यांची तऱ्हा मात्र मला शेवटपर्यंत पटली नाही. उभ्या उभ्या, औषधासारखी, एका घोटात. चहा कसा बशीत ओतून, फुंकर घालून, चार गोष्टी बोलून प्यावा. पण ह्यांनी तिसऱ्या दिवशीच तो घोट आत्मसात केला आणि चौथ्या दिवशी तिथल्या म्हाताऱ्यांच्या पत्त्यांच्या डावात जागाही मिळवली. एकमेकांची भाषा येत नव्हती. त्यामुळे भांडणंही होत नव्हती.

तिथली माणसं हातांनी बोलतात. पाची बोटांची टोकं एकत्र जुळवून हात वरखाली हलवायची त्यांना फार सवय. एकदा ह्यांनी पत्त्यांत काहीतरी घोळ घातला, तेव्हा एका आजोबांनी ती बोटं ह्यांच्या नाकासमोर हलवली. हे हात जोडून म्हणाले, "झालं, झालं जेवण, आत्ताच झालं." केतकीने मग समजावलं, की बाबा, ते जेवणाचं विचारत नाहीत, "अहो, हे काय चालवलंय तुम्ही?" असं म्हणतायत.

मी मात्र पत्ते खेळायला गेले नव्हते. मी माझं काम चालू केलं होतं. पहाटे उठायचं, अंगण झाडून काढायचं, रात्रीची भांडी घासून पालथी घालायची, ओटा पुसायचा. विहीणबाई उठेपर्यंत घर आरशासारखं. जेवायला बसलं की त्या वाढायच्या आणि "मांजा, मांजा" म्हणायच्या, म्हणजे खा, खा. मी दोन्ही हातांनी ताट झाकायचे. विहिणीच्या घरी काय हावरटासारखं जेवायचं? आणखी दोनदा आग्रह होईल, मग घेऊ. पहिले दोन दिवस त्यांनी आग्रह केला. तिसऱ्या दिवसापासून केला नाही, आणि मी अर्धपोटी उठायला लागले. त्यातच श्रावणी सोमवार आला. त्यांनी सकाळपासून खपून, कणकेचे छोटे छोटे गोळे अंगठ्याने दाबून, कानाच्या पाळीसारखे आकार करून पास्ता केला होता, आणि मी सांगितलं, आज माझा उपास. केतकीने ते इटालियनमध्ये सांगितलं. रोझान्नाबाईंनी हातातला डाव भांड्यात ठेवला आणि त्या बाहेर जाऊन बसल्या. मी चार अंजिरं खाल्ली आणि विचार करत राहिले, की माझं काय चुकलं?

दुसऱ्या दिवशी केतकी वर खोलीत आली ती रडवेली होऊन.

"आई, तू त्यांचं अंगण का झाडतेस?"

"अगं, विहीण आहेत त्या. मान नको ठेवायला?"

"त्या म्हणतायत, तुझ्या आईला माझं घर घाण वाटतं. मी झाडलेलं ती पुन्हा झाडते, मी घासलेलं पुन्हा घासते. माझ्या हातचं खात नाही. आणि काल तर जेवलीच नाही. विचारत होत्या, मी तिचं काय वाईट केलंय?"

मी पलंगावर बसले. केतकी म्हणाली, "आई, तुम्ही तीन आठवड्यांनी जाल. मला इथे राहायचंय ना गं."

एवढंच बोलली. ज्या भीतीने मी पहाटे उठत होते, ती माझ्याच खराट्याने खरी करून ठेवली होती. मी केतकीला म्हटलं, त्यांना सांग, आमच्याकडे हा मान असतो. तिने खाली जाऊन सांगितलं. रोझान्नाबाईंनी ऐकून घेतलं, मान हलवली. पण मान हलवणं आणि मनातून जाणं ह्यात फरक असतो. त्या दिवसापासून आम्ही दोघी घरात काचेच्या भांड्यांसारख्या वावरायला लागलो. धक्का लागू नये म्हणून जपून. मी खराट्याला हात लावला नाही आणि दोन वेळा पुरेसं वाढून घेतलं, तर तेही आता परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं.

अशात टोमॅटोचा दिवस आला. आपल्याकडे उन्हाळ्यात कुरडया-पापड होतात तसा तिकडे ऑगस्टमध्ये घरोघरी वर्षभराचा टोमॅटोचा रस करून बाटल्यांत भरतात. आदल्या दिवशी आम्ही सगळे मातेओच्या मामांच्या शेतावर तोडायला गेलो. लांबट, जाड मिरचीसारखे टोमॅटो. तोच वास. दोन तासांत बोटं काळीहिरवी झाली. बांधावर बसून मी सवयीने एक कच्चा टोमॅटो फोडला आणि हातांवर चोळायला लागले. समोर बघितलं तर रोझान्नाबाई तेच करत होत्या. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. हसलो नाही, पण बघत राहिलो खरं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत अंगणात पिंपाखाली लाकडं रचून झाली होती. कामाला लागण्याआधी रोझान्नाबाईंनी केतकीला बाजूला घेऊन कानात काहीतरी विचारलं. केतकी लाल झाली आणि नाही म्हणाली. मी हळूच विचारलं, काय गं?

"पाळी आलीय का विचारत होत्या. नाहीतर रस नासतो म्हणे."

मी कपाळाला हात लावला. हीच केतकी बारा-तेरा वर्षांची असताना मी तिला लोणच्याच्या बरणीपासून लांब उभी केली होती, आणि ती माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती. पोरगी एवढी शिकली, एवढ्या लांब गेली, आणि बरणी तिच्या आधी तिथे जाऊन बसलेली. केतकी माझ्याकडे बघून म्हणाली, "तू तर काही बोलूच नकोस, आई." लोणच्याचं ते सोवळं मी तिथल्या तिथे मनातून काढून टाकलं.

मग टोमॅटो निवडायला बसलो. रोझान्नाबाई स्टुलावर, मी खाली मांडी घालून. आता टोमॅटो निवडणं हे काम असं आहे, की त्यात मी कोणाची विहीण नसते. मी आण्णाची बहीण असते, आणि आण्णाच्या आधी आमच्या वडिलांची मुलगी. हात आपोआप चालायला लागले. चिरलेला, म्हणजे झाडावरच साल तडकलेला, बाजूला, डागी बाजूला, देठाशी बारीक भोक असलेला लांब. जरा वेळाने बघते, तर मी टाकलेले टोमॅटो रोझान्नाबाई बादलीतून उचलून पुन्हा धुवायच्या टबात टाकतायत. मी परत काढले. त्यांनी परत टाकले. तिसऱ्यांदा टाकल्यावर माझा तोल सुटला.

"अहो विहीणबाई, ह्यात अळी आहे!" मी मराठीत ओरडले. "वर्षभर अळी खाणार का?"

त्या इटालियनमध्ये ओरडल्या. पाची बोटं जुळवून माझ्या तोंडासमोर हलवली. मी त्यांच्या समोरची सुरी उचलली, तो देठाशी भोक असलेला टोमॅटो उभा चिरला आणि त्यांच्यापुढे धरला. आत चांगली गुबगुबीत हिरवी अळी होती. बाहेरच्या उजेडाने बिचारी दचकली.

केतकीचा चेहरा पांढरा पडला होता. रोझान्नाबाईंनी अळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातातून सुरी घेतली, मी टाकलेला एक चिरलेला टोमॅटो बादलीतून काढला, कापला आणि माझ्या नाकाशी आणला. आत लालभडक, स्वच्छ. खा, अशी खूण केली. मी खाल्ला. खरं सांगायचं तर इतका गोड टोमॅटो मी गिरणाऱ्यातही खाल्ला नव्हता. बाजारात चिरलेला माल चालत नाही म्हणून आम्ही तो फेकत आलो, आणि गोडवा त्यातच होता.

"बरं," मी म्हटलं. "चिरलेले तुमचे. भोकाचे माझे."

केतकीने ते सांगितलं तशा विहीणबाई एवढ्या मोठ्याने हसल्या की शेजारची बाई खिडकीत आली. मग काय विचारता! दिवसभर आमची जुंपली. मीठ किती, रस दोनदा गाळायचा की एकदा, तुळशीसारखी ती हिरवी पानं बाटलीत एक घालायची की दोन. मी मराठीत, त्या इटालियनमध्ये, आणि दुभाषेपण करता करता केतकीने दुपारी हातच टेकले. तिच्यावाचून काही अडलंही नाही. बाटल्या पिंपात रचताना एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मधे जुनी कापडं घालतात. ती कमी पडली. रोझान्नाबाई आपल्या नवऱ्याचे जुने सदरे वापरत होत्या, एकेक घडी मोडताना जरा थांबत होत्या. मी वर जाऊन माझी घरात नेसायची सुती साडी आणली, मऊ झालेली, परत गेल्यावर गोधडीला घालायची होती. त्या नको नको म्हणत होत्या. मी टरकन फाडली. पिंपात सदरे आणि साडीचे तुकडे एकत्र गेले, वरून पाणी ओतलं, आणि खाली जाळ लावला.

जेवायला बसलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. ताज्या रसातला पास्ता होता. मी ताट झाकलं नाही, पुढे केलं. दोनदा केलं. रोझान्नाबाई वाढता वाढता केतकीला काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणतायत, तुझी आई आज पहिल्यांदा माझ्या घरात बसली."

केतकी हे सांगताना हसत होती आणि डोळेही पुसत होती. मला त्या क्षणी फार हलकं वाटलं. आता माझ्या माघारी तिचं कोणीतरी आहे, हे मला कोणी सांगायची गरज उरली नाही. त्या बाईने माझ्याशी भांडून दाखवलं होतं.

त्या वर्षीच्या बाटल्यांतली एक मी बॅगेत आणली. अजून फळीवर आहे. आमचे हे दर वर्षी विचारतात, फोडायची का? मी म्हणते, थांबा.

तर परवा केतकी आणि मातेओ आले, आणि बरोबर रोझान्नाबाई, पहिल्यांदाच. गाडीतून उतरल्या तेव्हा त्यांच्या खांद्यावरून शालीसारखी लपेटलेली ती येवल्याची पैठणी होती. श्रावणातल्या उकाड्यात! घामाने निथळत होत्या, पण काढायला तयार नव्हत्या. मी भाकरतुकडा ओवाळून टाकला, औक्षण केलं. त्यांनी माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. काल आण्णाची चार कॅरेट आली. त्यांनी एकेक टोमॅटो हातात घेऊन दाबून पाहिला आणि मान हलवली, म्हणजे पास. पिंपही ह्यांनी कुठूनसं मिळवलंय. रस उद्या करायचाय.

आज पहाटे मला जाग आली ती खराट्याच्या आवाजाने. सर्र, सर्र. आमच्या अंगणात ह्या वेळी मीच झाडते, आणि मी तर अंथरुणात होते. उठून खिडकीतून बघितलं. विहीणबाई झाडत होत्या. गाऊन वर खोचलेला, वाकून, अगदी मन लावून. कढीपत्त्याखालची पानं गोळा केली होती. फाटकाजवळ शेजारच्या काकू दुधाची पिशवी हातात घेऊन थिजल्यासारख्या उभ्या होत्या. मुलाकडची विहीण मुलीकडच्यांचं अंगण झाडतेय, हे मखमलाबादने आजवर पाहिलं नसणार.

आणि मी खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं? काल संध्याकाळीच मी झाडलं होतं. हिला माझं घर घाण वाटतं की काय?

मग मी खिडकीतच हसत बसले. मी तिकडे पाच दिवस पहाटे उठून ह्या बाईच्या काळजाला काय केलं असेल, ते मला आज कळलं. आणि तिने ते सगळं पाच वर्षं लक्षात ठेवून, माझा मान माझ्या रीतीने ठेवायला, खराटा हातात घेतला होता.

मी बाहेर आले. त्यांनी मला पाहिलं आणि कंबर सरळ केली. चेहऱ्यावर जरा धाकधूक होती. हातातून खराटा काढून घ्यावा, गळ्यात पडावं, असं फार वाटलं. काकू बघतच होत्या. पण मग तो पाहुणचार झाला असता.

मी पायरीवर बसले आणि पाण्याच्या टाकीमागच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"तिथं राहिलंय," मी म्हटलं.

विहीणबाईंनी कोपऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. खराटा काखेत धरला आणि पाची बोटं जुळवून माझ्यापुढे जोरजोरात हलवली. काकू मला म्हणाल्या, "अहो, जेवणाचं विचारतायत वाटतं. भूक लागली असेल त्यांना."

"नाही हो," मी म्हटलं, "घरच्यासारखं वाटतंय त्यांना."